दवंडीचं नोको

डिसेंबरातल्या एका शनिवारी रजा टाकून मी मेहकरहून आमच्या गावी गेले, ती भांडायला. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला इतिहासाची अभ्यासक समजायचं. मी बसवर कंडक्टर आहे. 'पुढे सरका, मागे जागा आहे' हे वाक्य मी जितक्या वेळा बोलले असेन तितक्या वेळा स्वतःचं नावही घेतलं नसेल. माझ्या नाकावर राग असतो असं डेपोतले लोक म्हणतात. मी म्हणते, नाक आहे म्हणून राग आहे.

आमचं गाव सोनाळ्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला. घरं संपली की कपाशीची वावरं, वावरं संपली की नाला, आणि नाला ओलांडला की जंगल सुरू. इंग्रजांच्या राज्यात हे जंगल सरकारनं राखीव केलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या रानातून लोक गवताचा भारा आणि वाळकी लाकडं आणत होते, तिथं काडी उचलली तरी गुन्हा झाला. मग एका पहाटे सगळं गाव विळे घेऊन उघड उघड जंगलात गेलं, गवत कापलं आणि भारे डोक्यावर घेऊन अटकेची वाट पाहत बसलं. आमच्याकडे या दिवसाला नुसतं 'सत्याग्रह' म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, सत्याग्रह म्हणजे गवत कापणे.

या सत्याग्रहाच्या वाटेवर गावातल्या एका निवृत्त गुरुजींनी एक पायवाट आखली. वाटाड्या लागत नाही. चावडीच्या भिंतीला एक पत्र्याची पेटी ठोकली आहे, तिच्यातून छापील कागद घ्यायचा आणि दगडांवर चुन्यानं काढलेले आकडे बघत आपलं आपण चालायचं. आठ थांबे, तीन तासांची चाल. काम चांगलंच म्हणायचं. फक्त माझ्या चुलत भावानं त्या कागदाचा फोटो मला पाठवला, आणि तिसऱ्या थांब्याचा मजकूर मी चालत्या बसमध्ये वाचला.

'थांबा तीन. चावडीचा ओटा. सरकारचा हस्तक असलेल्या गावच्या कोतवालाने येथून मनाईची दवंडी दिली व लोकांना सत्याग्रहापासून अडवण्याचा प्रयत्न केला.'

तो कोतवाल म्हणजे माझे आजोबा. कागदाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की काही चूक आढळल्यास कळवावे, सोमवारी हा मजकूर दगडावर कोरायला जाणार आहे. कागद फाडता येतो. दगडाचं काय करणार? मी त्या दिवशी एका प्रवाशाला उरलेले पैसे द्यायला विसरले, आणि असं माझ्या हातून कधी होत नाही.

कोतवाल म्हणजे काय हे आता सांगावं लागतं. गावाचा सांगकाम्या. सरकारी टपाल पोचवायचं, साहेब आला की पुढे पळायचं, आणि हुकूम निघाला की डफडं वाजवत गल्लोगल्ली ओरडून सांगायचं, म्हणजे दवंडी द्यायची. हे काम कुणी हौसेनं घेतलेलं नव्हतं. ते आमच्या घराकडे जन्मानं आलं होतं. पुढे आमचं घर बौद्ध झालं. आजोबांनी डफडं माळ्यावर टाकलं ते टाकलंच, आणि माझ्या बाबांच्या हातात पाटी दिली. पण गावाच्या आठवणीत ते दवंडी देणारेच राहिले. पंधरा ऑगस्टला सत्याग्रही घरांना नारळ मिळायचे, तेव्हा आमचं घर मागच्या रांगेत बसायचं. बाबा तर पुढे पुढे जायचेच नाहीत. शाळेत मला 'सरकारचं डफडं' म्हणून चिडवायचे, आणि त्यातल्या दोघींच्या वेण्या मी ओढल्या होत्या.

मी दहा वर्षांची होईपर्यंत आजोबा होते. एकदा शाळेतून रडत आले आणि त्यांना थेट विचारलं, "आबा, तुमी लोकाईले अडवलं होतं का?"

ते अंगणात खाटेवर बसून सुपारी कातरत होते. त्यांना हसू फुटलं. म्हणाले, "म्या तं जाऊ नोका म्हनलो होतो, बाप्पा." आणि परत हसले, खांदे हलेपर्यंत.

एवढंच. या विषयावर जन्मभर त्यांचं हे एकच वाक्य. बाबा ते ऐकलं की उठून जायचे. मला मात्र तेव्हाही कळलं नाही आणि पुढे चाळीस वर्षंही कळलं नाही, की तो कबुलीजबाब होता की आणखी काही. खरं सांगायचं तर त्या शनिवारी मी भांडायला निघाले होते, पण माझ्याकडे भांडायला मुद्दाच नव्हता. आतून मलाही भीती होती की गुरुजींनी खरं तेच लिहिलं असेल.

गावात उतरले ती सरळ गुरुजींच्या घरी. गुरुजी नव्हते. पाथरवटाकडे दगड पाहायला सोनाळ्याला गेले होते. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काय ते ओळखलं असावं.

"दुपारून येतीन ते," त्या म्हणाल्या. "तवर बसता का? चहा ठेवतो."

"नको काकू. तुमच्या गुरुजींची पायवाट चालून येते."

"मंग जा. उन्हं चढाच्या आंदी माळावर पोचसान. पानी घेतलं ना?"

पाणी घेतलं होतं. चावडीच्या पेटीतून कागद घेतला, पहिला थांबा वेशीपाशी होता तो पाहिला, दुसरा गुरुजींच्या स्वतःच्या आजोबांचं घर. ते तुरुंगात गेले होते, आणि त्यांच्यावर गुरुजींनी अर्धं पान लिहिलं होतं. लिहावंच, माणूस तसा होता. तिसऱ्या थांब्यावर, चावडीच्या ओट्यावर, मी थांबले नाही. चुन्याच्या तीनच्या आकड्याकडे पाहिलं आणि पुढे चालू लागले. माझ्या बसमध्ये विनातिकीट माणूस सापडला की मी जशी बघते तशी बघितली असेन.

चौथा थांबा गावविहीर. सत्याग्रहाच्या आदल्या संध्याकाळी पुढारी माणसाला तालुक्याला पकडून नेलं, ही बातमी इथं पाण्याला आलेल्या बायांना कळली, असं कागदावर होतं. त्यापुढे एक ओळ होती. 'जमायचे कोठे व केव्हा हे पुढाऱ्यालाच ठाऊक असल्याने गावात गोंधळ उडाला.' मी ती ओळ वाचली आणि पुढे गेले. तेव्हा तिच्यात काही दिसलं नाही.

गावाबाहेर वाट गाडीरस्त्यानं जाते. दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती, मधल्या ओळींतून तुरी शेंगांवर आल्या होत्या. समोर सातपुडा. मेहकरला राहून राहून मी हा डोंगर विसरले होते. चालता चालता राग थोडा खाली बसला, कारण चढावर राग आणि दम दोन्ही एकदम सांभाळता येत नाहीत. मनात आलं, याच वाटेनं ती माणसं गेली. लिहिता न येणारी, साहेबाचा घोडा दिसला की आडोशाला होणारी. हातात विळा, आणि तो कुणावर उगारायचा नाही असं ठरवून निघालेली. आपण अशा गावचे आहोत, याचा मला तिथं चालताना फार अभिमान वाटला. गाव माझं, पण त्या सकाळी माझा आजोबा कुठे उभा होता?

पाचवा थांबा नाल्याच्या अलीकडे एका वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, होता. वावरात कापूस वेचणी चालू होती. बाभळीखाली एक म्हातारी बाई बसून वेचलेल्या कापसातली पत्ती काढत होती, आणि तिची सून भाकरीचं फडकं सोडत होती. मी कागद हातात धरून दगडावरचा पाचचा आकडा शोधत होते.

"ते पाह्य, तुह्या पायाखालीच हाय," म्हातारी म्हणाली. "सारे इथंच शोधतेत. कोनाची वं तू?"

गावात हा प्रश्न चुकत नाही. मी घर सांगितलं. वॉर्ड, म्हणजे आमची बौद्ध वस्ती, तीही सांगितली, आवाज जरा चढवूनच, म्हणजे पुढे काय ऐकावं लागेल त्याची तयारी.

तिनं हातातला कापूस खाली ठेवला. "कोतवालाची नात?"

"हो."

"बस मंग. भाकर खाऊन जा."

आता, दुसऱ्याच्या वावरात, दुसऱ्याच्या न्याहारीत जाऊन बसायचं माझ्या स्वभावात नाही. आणि तिच्या त्या 'कोतवालाची नात'चा अर्थ मला लागला नव्हता. मी म्हणाले, "नको आजी, मी खाऊन निघालेय." खरं तर खाल्लं काहीच नव्हतं, आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर नि ठेचा पाहून माझी नजर तिथून हलत नव्हती.

म्हातारी सुनेला म्हणाली, "वाढ तिले. दवंडीचं नोको हाय हे."

सून हसली आणि तिनं माझ्या हातावर भाकर ठेवली. मी ती तशीच धरून उभी.

"काय म्हणालात आजी?"

"काय म्हनलं?"

"दवंडीचं नोको म्हणजे काय?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मी 'भाकर म्हणजे काय' असं विचारल्यासारखं त्यांना वाटलं असावं. सुनेनंच मला समजावलं. "म्हंजे तोंडानं नोको, अन मनातून पाह्यजे. आमच्या इकडे म्हन्तेत असं. पोरगी म्हने, मले नोको साडी, तिकडच्या दुकानातली, त्या हिरव्या काठाची. मंग आमी म्हनतो, हे दवंडीचं नोको हाय."

"पण दवंडीचं का?"

सुनेला ते माहीत नव्हतं. म्हातारीनं कपाळाला हात लावला. "अवं, तुह्याच आज्याची तं दवंडी. तुले ठावं नाही? तुमच्या घरात कोनी म्हनत नाही असं?"

आमच्या घरात कुणी म्हणत नव्हतं. दवंडी हा शब्दच आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. सगळं गाव ज्या शब्दावर पिढ्यान्‌पिढ्या हसत आलं होतं, तो फक्त आमच्याच दारातून आत आला नव्हता. मी धुऱ्यावर बसले.

म्हातारी सांगू लागली. तिनं हे तिच्या सासूकडून ऐकलेलं. सासू स्वतः त्या पहाटे गवत कापायला गेली होती. पुढाऱ्याला धरून नेल्यावर कुठे जमायचं, कधी निघायचं, कुणालाच कळेना. आपसात कुणी बोलावं तर दारोदार पाळत. तेवढ्यात तालुक्याहून हुकूम आला की जंगलात कुणी जाऊ नये अशी दवंडी द्या. कोतवाल डफडं घेऊन निघाला. आता सरकारचाच हुकूम म्हटल्यावर त्याला कोण अडवणार?

म्हातारीनं एक हात कानाशी नेला आणि दुसऱ्या हातानं मांडीवर ठेका धरला. तिचा आवाज पार फाटलेला होता, पण चाल पक्की होती.

"आयका हो आयकाऽऽ! उद्या तांबडं फुटाच्या आंदी, नाल्याच्या पल्याड, जुन्या मोहाखाली, इळे घेऊन, दोन टायमाच्या भाकरी बांधून, जंगलात कोनी जाऊ नोका होऽऽ! सरकारचा हुकूम हाय होऽऽ!"

मी हातातल्या भाकरीकडे पाहिलं.

"दोन टायमाच्या भाकरी!" म्हातारी मांडीवर थाप मारून हसली. "माही सासू म्हने, भाकरीचं आयकलं अन आमी समजलो का दिवसभर बसा लागते. साऱ्या गल्ल्याईत फिरला तो. एक दार सोडलं नाही. सकाळी पाह्यतेत तं मोहाखाली सारं गाव."

"आणि मग? सरकारनं त्यांना काही केलं नाही?"

"काय करनार? साहेबानं बलावलं. म्हने, तू मनाई केली होती का? म्हने, केली साहेब. म्हने, सारा हुकूम सांगतला का? म्हने, सांगतला साहेब, एक शब्द कमी नाही केला." म्हातारीला पुन्हा हसू आवरेना. "कमी नाही केला म्हने!"

मीही हसले. हसता हसता रडायला आलं आणि ते मी लपवलं नाही. म्या तं जाऊ नोका म्हनलो होतो. चाळीस वर्षांनी मला तो खांदे हलवणारा हसरा म्हातारा समजला. साप मेला होता आणि काठीही मोडली नव्हती, आणि तो त्या गमतीवर आमच्या घरात एकटाच जन्मभर हसत राहिला होता. माझा आजोबा! निरक्षर माणूस, आणि सरकारच्याच डफड्यावर सरकारला नाचवून आला. अभिमान म्हणजे काय हे मला त्या धुऱ्यावर कळलं.

मग राग परत आला, कारण तो माझा जुना सोबती. मी विचारलं, "आजी, हे तुम्हाला माहीत होतं तर गावानं त्यांना नारळ का नाही दिला कधी?"

कापसातली एक पत्ती तिनं काढली, दुसरी काढली. "इंग्रज होता तवर सांगनं धोक्याचं होतं," ती म्हणाली. "मंग इंग्रज गेला. तवा नावं लिव्हाले मानसं आले. तुमच्या वार्डात इचाराले कोन गेलं, माय? कोनी इचारलं नाही, त्यानं सांगतलं नाही." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आमी बी नाही सांगतलं. आमाले कोन इचारते?"

ती खरं बोलत होती आणि त्यात स्वतःलाही सोडत नव्हती. ठेचा फार तिखट होता. मी सगळी भाकर खाल्ली.

उरलेले थांबे मी जवळजवळ पळत केले. नाल्यात पाणी गुडघ्याच्या खाली होतं. नाला ओलांडून मोहाखाली गेले, सातवा थांबा. झाड जुनं आहे, पण तेच आहे की त्याचं पोर, हे गुरुजींनाही नक्की सांगता आलेलं नाही, तसं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. आजूबाजूला कुणी नव्हतं. मी घसा साफ केला आणि दवंडी दिली. सबंध, ठेक्यासकट. गर्दीच्या बसमध्ये शेवटच्या बाकापर्यंत पोचवायचा माझा आवाज आहे, तो डोंगरावर आदळून परत आला. डेपोत सगळे म्हणतात, बाई, हा आवाज आणला कुठून? आता सांगेन.

दुपार कलताना गुरुजींच्या ओसरीवर पोचले. गुरुजी नुकतेच आले होते, पाय धुऊन खुर्चीवर बसत होते. मी चप्पल काढायच्या आधीच सुरू झाले. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला, असं माझं होतं कधी कधी. पण त्या दिवशी सगळं नीट सांगितलं, विहिरीपासून मोहापर्यंत. त्यांच्याच कागदावरची चौथ्या थांब्याची ओळ त्यांना वाचून दाखवली. जमायचं ठिकाण फक्त पुढाऱ्याला ठाऊक होतं आणि पुढारी अटकेत होता, तर सकाळी सगळं गाव एकाच मोहाखाली कसं जमलं, गुरुजी?

गुरुजी भला माणूस. त्यांनी मध्ये तोंड घातलं नाही. सगळं ऐकून आतून एक फाइल आणली आणि जुन्या सरकारी कागदाची प्रत माझ्यापुढे ठेवली.

"ताई, हे पाहा. 'कोतवालाकडून मनाईची दवंडी देवविली.' माझ्याकडे हा पुरावा आहे. मी कोणाबद्दल मनात काही ठेवून लिहिलेलं नाही. वावरातल्या आजींनी सांगितलं ते गोड आहे, पण ती ऐकीव गोष्ट आहे. दगडावर ऐकीव गोष्ट कशी कोरू?"

"कागद खोटा नाही गुरुजी," मी म्हणाले. "कागद बहिरा आहे. दवंडी दिली एवढंच त्याला दिसलं. काय दिली ते त्यानं ऐकलं नाही."

"तरी पुरावा लागतो, ताई."

"आणि हस्तक हा शब्द कागदावर कुठे आहे?"

गुरुजींनी कागद पाहिला. तो शब्द तिथं नव्हता. "तो मी घातला," ते हळूच म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले. पण मान हलेना. मी पाहिलं की त्यांनाही सोपं नव्हतं. सोमवारी दगड जाणार, आणि त्यांनी आयुष्यभर मुलांना शिकवलं होतं की पुराव्याशिवाय बोलू नका.

एवढ्यात त्यांची बायको दोन कप चहा घेऊन बाहेर आली. एक माझ्या हातात दिला. दुसरा गुरुजींपुढे धरला.

"मला नको," गुरुजी म्हणाले. "सोनाळ्याला झाला. आता पुन्हा आलं घातलेला, जास्त दुधाचा चहा नको."

"हे खरं नोको हाय," त्या म्हणाल्या, "का दवंडीचं?"

मी कप खाली ठेवला. काकूंना वाटलं आपलं काही चुकलं. गुरुजी बायकोकडे असे पाहत होते, की जणू लग्न होऊन पहिल्यांदाच पाहत असावेत.

"तू हे कुठून शिकलीस?" त्यांनी विचारलं.

"कुठून म्हंजे? तुमच्या आईपासून. रोज म्हनत होत्या. आमच्या माहेरी, पिंपळगाव राजाले, असं कोनी म्हनत नाही. लग्न होऊन आली तवा मले अर्थच लागे ना. सासूबाई म्हने, दवंडीचं नोको, अन मी म्हनो, कोनती दवंडी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काऊन? काय झालं?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, हे मी तोंडावर म्हणाले नाही. बाकी बरंच म्हणायचं राहिलं होतं तेही राहू दिलं. गुरुजींनी कप घेतला, एक घोट प्यायले आणि म्हणाले, "आई म्हणायची. हो. रोज म्हणायची." मग त्यांनी फाइल मिटली. नंतर खिशातून पेन काढून माझ्यापुढे ठेवलं. "तिसऱ्या थांब्याचं तुम्हीच लिहा, ताई. मला ते लिहिण्याचा हक्क नाही."

मी फार विचार केला नाही. आजोबांचा जन्म, मृत्यू, थोर, शूर, असलं काही लिहिलं नाही. म्हातारीच्या तोंडून ऐकलेली दवंडी जशीच्या तशी लिहिली, आणि खाली, 'ही दवंडी गावच्या कोतवालाने दिली.' गुरुजींनी कागद घेतला, वाचला, आणि सवयीनं पेन उचलून 'नोका'वर आणलं. "इथे 'नका' असं शुद्ध..." म्हणाले, आणि स्वतःच थांबले. त्यांनी पेनला टोपण लावलं.

दगड बसवला त्या दिवशी मी पुन्हा रजा टाकली. या वेळी भांडायला नाही, त्यामुळे साहेबांना कारण काय सांगावं ते सुचेना. बाबा आता नाहीत. त्यांच्यासाठी म्हणून मी पहिल्या रांगेत जाऊन बसले, अगदी खुर्चीच्या पुढच्या काठावर, आणि नारळ घेताना दोन्ही हात पुढे केले. भाषणं झाली. मग सगळ्यांनी पायवाट चालायची असं ठरलं होतं, पण ऊन झालं होतं, माणसं चावडीच्या सावलीत रेंगाळत होती आणि कुणी हलेना.

सुनेचा हात धरून ती वावरातली म्हातारी दगडापाशी आली. तिला वाचता येत नाही. तिनं अक्षरांवरून बोटं फिरवली आणि मला म्हणाली, "वाच वं, काय लिव्हलं ते."

मी कंडक्टरच्या नव्हे, कोतवालाच्या आवाजात वाचलं. तांबडं फुटाच्या आंदी. नाल्याच्या पल्याड. जुन्या मोहाखाली. इळे घेऊन, दोन टायमाच्या भाकरी बांधून, जंगलात कोनी जाऊ नोका होऽऽ!

म्हातारीनं पदर खोचला आणि सुनेला म्हणाली, "चाल मंग, निघू."

आणि ती नाल्याच्या वाटेला लागली. तिच्यामागे काकू, मग गुरुजी, मग एकेक करत सगळं गाव.